शकुंतलेच्या मार्गावरील आपली घरे

(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाची कुटुंबयादी चाळताना काही घरांपुढील 'मूळ गाव' हा रकाना कोरा आढळतो. चौकशी करता उत्तर बहुधा एकच मिळते : "आजोबा रेल्वेत होते." जणू रेल्वेत असणे म्हणजे कोठेच नसणे!

मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची लाईन विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात सुरू झाली. अचलपूरचा फाटा १९१३ साली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुरास मोठ्या मार्गावर चढवून मुंबईस धाडावा, हा मूळ हेतू. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेतील ही लाईन स्वातंत्र्यानंतरही सरकारच्या मालकीची झाली नाही. गाड्या मात्र सरकारी रेल्वेने चालविल्या. लोकांनी तिला 'शकुंतला' म्हटले. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले.

एवढे छापलेले सापडते. माणसांचे सापडत नाही. कारंजा, दारव्हा अशी मोठी गावे सोडली, तर मधले स्टेशन म्हणजे रानातील दोन-चार बिऱ्हाडे : मास्तर, पॉइंट्समन, गँगमन. घर रेल्वेचे, जमीन रेल्वेची. सातबाऱ्यावर नाव येणार कोठून? बदलीचा हुकूम आला की अंगणातील तुळससुद्धा मागे राहावयाची. आणि शेजार? तो सर्व जातींचा. मास्तरांच्या घरची बाळंतीण गँगमनच्या आईने सांभाळावी, तिच्या हातची पेज प्यावी, हे तेथे सहज घडे. ज्ञातीच्या सभेत हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही. त्या घरांना आपण मात्र 'तिकडे गेलेले' म्हणत राहिलो. सोयरिकीच्या बोलण्यांत 'गाव कोणते?' या प्रश्नावर त्यांना मान खाली घालावी लागली. दोष मंडळाचाही आहे, कारण तो रकाना आपणच आखला.

आता ती गाडी धावत नाही. सर्व्हिस बुक, जुने पास, बदल्यांचे हुकूम एवढाच पुरावा घरोघरच्या ट्रंकांत उरला आहे, आणि आवराआवरीत तोही रद्दीत जातो. म्हणून माझी सूचना अशी की, अशा घरांपुढे मूळ गावाच्या जागी स्टेशनांची नावे क्रमाने लिहावीत. भोजनोत्तर वही चिटणीसांच्या टेबलावर ठेविली आहे. विशेषतः वडीलधाऱ्या भगिनींनी पुढे यावे; कोणते मूल कोणत्या स्टेशनवर झाले, यावरून बदल्यांचा सारा क्रम त्यांनाच पाठ असतो.