पहिलीच्या वर्गातील पहिला धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

ख्रिस्ती शाळेत पहिलीच्या वर्गात मूल काय शिकते, असा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एकच उत्तर अगोदर तयार असते. तेथे प्रार्थना म्हणवून घेतात, क्रूस दाखवितात, मुलांवर 'संस्कार' करतात, असे ते उत्तर असते. हा आक्षेप कोण घेतो आणि कशासाठी घेतो हे आपण जाणतो. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणाही मुलाला धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही, असे आपल्या संविधानाचे 28 वे कलम सांगते. कोठे या कलमाचा भंग होत असेल तर तक्रार करावी. परंतु त्याचे भांडवल करून एका समाजावर संशयाची धूळ उडविण्याच्या उद्योगात आपण सहभागी होता कामा नये. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्याच एका धड्याविषयी. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकताच मूल तो शिकते, आणि शेजारच्या गोव्यात त्या एका धड्यापायी गेल्या पस्तीस वर्षांत मंत्रिमंडळे हादरली आहेत.

गोव्याशी आपले नाते केवळ शेजाराचे नाही. 18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्यासाठी कायदेभंग केला. त्यापूर्वी ते असोळण्यास ज्यांच्या घरी विश्रांतीसाठी उतरले होते ते डॉ. जुलियांव मिनेझिस जन्माने ख्रिस्ती होते. याच लोहियांनी पुढे 'अंग्रेजी हटाओ'ची घोषणा दिली. म्हणून गोव्यातील ख्रिस्ती शाळा आणि तिच्यातील इंग्रजी हा आपल्या घरचाच प्रश्न आहे असे मी मानतो.

थोडा पूर्वेतिहास पाहू. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि 1616 साली ते रायतूर येथे छापले गेले. त्याच छापखान्यातून 1622 साली त्यांचे कोंकणीतील ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक बाहेर पडले. म्हणजे पोराला धर्माची पहिली अक्षरे त्याच्या आईच्या भाषेत द्यावीत हे शहाणपण पाद्र्यांना चारशे वर्षांपूर्वीच होते. पण राजसत्तेला ते मानवले नाही. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्माने भाषा मारू शकत नाहीत. कोंकणी स्वयंपाकघरात, शेतात आणि संध्याकाळच्या तेर्सात, म्हणजे घरोघरच्या जपमाळेच्या प्रार्थनेत, जिवंत राहिली. शाळेत मात्र तिला पाट मांडला गेला नाही.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि बहुजन हिंदू समाजाची मुले प्रथमच मोठ्या संख्येने अक्षरओळखीला बसली. हे काम मोठे होते. ख्रिस्ती समाजाची मुले मात्र प्रामुख्याने धर्मप्रांताच्या इंग्रजी शाळांत गेली. 1987 साली राजभाषा कायदा होऊन देवनागरी कोंकणी राजभाषा झाली. त्यानंतर 1990 मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून वा प्रादेशिक भाषेतून शिकविणाऱ्या शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. यानंतर धर्मप्रांताच्या बहुसंख्य प्राथमिक शाळांनी माध्यम बदलले. इंग्रजीच्या जागी कोंकणी आली.

तत्त्व म्हणून हा निर्णय योग्यच होता. मुलाने पहिली अक्षरे आपल्या बोलीत गिरवावीत असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 1953 मध्येच सांगून ठेवले आहे. आपण तोंडाने जे बोलतो तेच कागदावर उतरते, हा शोध मुलाला मातृभाषेतच लागतो. एकदा तो लागला की दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. हे मी आजही मानतो, आणि पुढे जे म्हणणार आहे ते हे मानूनच म्हणणार आहे.

परंतु सासष्टीच्या एखाद्या किनारी गावातील रेंदेराच्या, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याच्या, मुलाला त्या पहिलीच्या वर्गात काय मिळाले? त्याच्या घरी प्रार्थनेचे पुस्तक रोमी लिपीतले. शाळेत लिपी देवनागरी. प्रमाण कोंकणी घडली ती अंत्रुज महालातील बोलीच्या आधाराने. या मुलाच्या घरी पुस्तकाला 'लिव्र' म्हणतात आणि शाळेला 'इस्कोल'. मातृभाषा म्हणून जी त्याच्या हाती दिली ती त्याच्या मातेला वाचता येत नव्हती. इंग्रजीतून शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या शिक्षिकांना ती नव्याने शिकावी लागली. आणि चार वर्षे ही कसरत केल्यावर पाचवीत त्याच्यासमोर सगळे विषय पुन्हा इंग्रजीत उभे राहिले. सरकारने पहिलीचे माध्यम बदलले. पाचवी, महाविद्यालय, कचेरी, न्यायालय आणि नोकरी यांचे बदलले नाही.

याच काळात गावातील डॉक्टरचे मूल कोठे होते? ते विनाअनुदान इंग्रजी शाळेत होते. अनुदानाची अट अनुदान घेणाऱ्यालाच लागू होती. ज्याच्याकडे शुल्क भरण्याची ऐपत होती त्याला या धोरणाने स्पर्शही केला नाही. पाचवीत दोन्ही मुले एकाच बाकावर आली तेव्हा एक चार वर्षे पुढे होते. मित्रहो, हाच तो पहिला धडा. तुझी भाषा देवाशी बोलायला चालेल, अधिकाऱ्याशी बोलायला चालणार नाही. आणि हा नियम तुला लागू आहे, डॉक्टरच्या मुलाला नाही. सहा वर्षांचे मूल हे वाक्यात मांडू शकत नाही. त्याचे आईबाप मात्र मांडू शकतात.

आणि त्यांनी ते मांडले. 2011 मध्ये पालक रस्त्यावर उतरले आणि दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. धर्मप्रांताच्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीत, 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर, ज्या चर्चने आपली मिस्सा लॅटिनमधून कोंकणीत आणली त्याच चर्चच्या शाळेतून कोंकणी अशी मागे हटली. याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. विरोधात असलेला भाजप त्या आंदोलनात होता. 2012 मध्ये सत्तेवर आल्यावर मनोहर पर्रीकरांनी त्या शाळांचे अनुदान चालूच ठेवले. मग 2016 मध्ये संघाचे गोव्यातील प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी बंड केले आणि संघाने त्यांना पदावरून दूर केले. या सगळ्या धामधुमीत मातृभाषेचा प्रश्न 'ख्रिस्ती विरुद्ध राष्ट्रीय' अशा रंगात रंगविला गेला. इंग्रजी मागणारा गरीब ख्रिस्ती पालक राष्ट्रद्रोही ठरविला गेला. आपली मुले शुल्क भरून इंग्रजी शाळेत घालणाऱ्या सुखवस्तू हिंदू कुटुंबांना मात्र कोणी काही विचारले नाही.

तेव्हा आपण कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे? मला वाटते, आपण लोहियांना अर्धेच वाचले. लोहियांचा रोख इंग्रजीच्या सार्वजनिक सत्तेवर होता. मूठभर लोक परक्या भाषेच्या भिंतीआड बसून कोट्यवधींवर राज्य करतात, ती भिंत त्यांना पाडावयाची होती. भिंत पाडण्याचे काम वरून सुरू करावे लागते: सचिवालयापासून, उच्च न्यायालयापासून, नोकरीच्या मुलाखतीपासून. आपण मात्र ते सर्वांत खाली, गरिबाच्या पोराच्या पहिलीच्या वर्गात सुरू करू पाहतो. वर इंग्रजीचे राज्य अबाधित ठेवून खाली मातृभाषेचे व्रत सांगणे म्हणजे एकादशीचा उपास फक्त गड्याने करावा असे म्हणण्यासारखे आहे.

आता सक्तीचा मार्ग तर उरलेलाच नाही. 2014 मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, राज्याला ते लादता येणार नाही. म्हणून मातृभाषेची शाळा आता पालकांना पटवूनच टिकवावी लागेल. त्यासाठी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मातृभाषेच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी हा विषय उत्तम, प्रशिक्षित शिक्षकाकडून शिकविला जावा. माध्यम एका वर्षात तोडून न बदलता क्रमाक्रमाने बदलावे. गोव्यात मुलाला देवनागरीबरोबर घरची रोमी लिपीही वाचता यावी. आणि राज्याची परीक्षा, नोकरी व न्याय लोकांच्या भाषेत मिळावा, याकरिता लढा व्हावा.

आपण महाराष्ट्रातले लोक गोव्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याच्या शासननिर्णयाविरुद्ध येथे केवढा संताप उसळला, आणि जूनअखेर शासनाला तो निर्णय मागे घ्यावा लागला! तो संताप योग्य होता. परंतु त्या मोर्च्यांत चाललेल्या आपल्यापैकी कितीजणांची मुले वा नातवंडे मराठी शाळेत आहेत? हात वर करावयास मी सांगत नाही. कारण मग माझी नातही इंग्रजी शाळेत जाते हे मला प्रथम कबूल करावे लागेल. तिच्या आईबापांशी मी वाद घातला आणि हरलो. 'आजोबा, मराठी शाळेत तुमच्या पुढाऱ्यांपैकी कोणाची मुले आहेत?' या माझ्या सुनेच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर तयार करणे हेच आपले काम आहे. ज्या दिवशी रेंदेराचे आणि डॉक्टरचे मूल मातृभाषेच्या एकाच पहिलीत शेजारी बसेल, त्या दिवशी त्या शाळेच्या दारावर क्रूस आहे की गणपती, हा प्रश्न कोणाला फारसा महत्त्वाचा वाटणार नाही. तोवर ख्रिस्ती पालकाला दोष देण्याचा अधिकार आपण मिळविलेला नाही, एवढेच नम्रपणे सांगतो आणि थांबतो.