चहाला नाही म्हणणारे शेजारी



घरी आलेल्या माणसानं चहाला नाही म्हटलं, की आपण खट्टू होतो. 'अर्धा कप तरी घ्या' असा आग्रह सुरू होतो. मीही एकदा असाच आग्रह केला होता आणि तो सपशेल फसला. आज त्याचीच गोष्ट सांगते.

२००५ साली माझ्या यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही तैवानमधल्या शिंचू या शहरात राहत होतो. शिंचू तिथल्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध. हिवाळ्यात तर छत्री उघडायची सोय नाही. आमच्या वरच्या मजल्यावर दोन अमेरिकन मुलं भाड्यानं राहायची. पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर सायकलचं हेल्मेट आणि छातीवर चिनी अक्षरांची काळी पट्टी. शेजारच्या आजी म्हणाल्या, "ते चांगलाओ." म्हणजे ज्येष्ठ! एकाचं वय १९, दुसऱ्याचं २०. मला हसू आवरेना.

ती दोघं मॉर्मन पंथाचे मिशनरी होती. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत स्थापन केलेला हा ख्रिस्ती पंथ. त्याचं मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. तिथली मुलं ऐन कॉलेजच्या वयात दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात. पगार नाही, उलट खर्चाचे पैसे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या बचतीतून भरायचे. कुठं जायचं हेही स्वतः ठरवायचं नाही. तेव्हा घरी पत्र यायचं, त्यात देशाचं नाव असायचं. आमच्या वरचा धाकटा मुलगा आयडाहो राज्यातल्या एका शेतकऱ्याचा. त्याच्या पत्रात तैवान निघालं.

एकदा मी तांदळाचं पोतं जिन्यातून ओढत होते. दोघांनी ते उचलून दारापर्यंत आणलं. मी म्हटलं, "या, चहा घ्या." दोघं अवघडले. चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू त्यांना वर्ज्य. शिवाय घरात बाई एकटी असेल तर आत यायचं नाही. चहाच्या मळ्यांच्या त्या बेटावर प्रत्येक दारात हेच सांगत फिरायचं, म्हणजे काय परीक्षा! शेवटी मी लिंबाचं सरबत केलं. ते दोघांनी जिन्यात उभ्यानंच प्यायलं.

हळूहळू त्यांचा दिवस मला पाठ झाला. साडेसहाला उठायचं, व्यायाम करायचा. मग धर्मग्रंथाचा आणि चिनी भाषेचा अभ्यास. दहाला सायकली बाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत, साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही. जोडीदाराला सोडून कुठंही जायचं नाही, मग त्याच्याशी पटो न पटो. कधी कधी वरून भांडणाचे आवाज येत. सकाळी मात्र दोन्ही सायकली एकामागून एक जाताना दिसत.

भाषेची गंमत वेगळीच. चिनी भाषेत 'माय' हा शब्द एका सुरात म्हटला तर विकत घेणं, दुसऱ्या सुरात म्हटला तर विकणं. धाकट्यानं फळवालीसमोर उभं राहून, 'मला पेरू विकायचे आहेत,' असं ठणकावून सांगितलं होतं!

सोमवार त्यांचा मोकळा दिवस. कपडे धुणं, बाजारहाट, घरी ई-मेल. तैवानात कचऱ्याची गाडी बिथोवेनची धून वाजवत येते आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन धावते. तिथं आमची भेट व्हायची. मी दर रविवारी सांगलीला आईला फोन करायचे. त्यांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदा, नाताळला आणि मे महिन्यातल्या मदर्स डेला.

एकदा यजमान घरी असताना त्या धाकट्यानं आपला ग्रंथ पुढं केला. मी स्पष्ट सांगितलं, "बाळा, माझा देव मला पुरतो. मी हे घेणार नाही." तो 'ठीक आहे' म्हणाला. मला वाटलं, संपली आता ओळख. पण पुढच्या सोमवारी तो तसाच हसून बोलला. मी विचारलं, "दिवसभर नाही ऐकून वाईट नाही वाटत?" म्हणाला, "पहिले काही महिने रात्री मोजायचो, किती दारं बंद झाली. मग मोजणं सोडलं."

मला माझे वडील आठवले. पुण्यात शिकताना ते वार लावून जेवत. म्हणायचे, "भूक सोसते गं, पण कडी वाजवताना हात जड होतो."

एका सोमवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी हा मुलगा पिशवी धरून उभाच. जोडीदारानं सांगितलं, आयडाहोत त्याचे आजोबा गेले. मी म्हटलं, "मग घरी कधी जाणार?" तो म्हणाला, "जाणार नाही. आजोबाही मिशनवर गेले होते. मी अर्ध्यावर परतलेलं त्यांना आवडलं नसतं." मला राग आला. त्याचा नव्हे, एकोणीस वर्षांच्या पोराला अशा वेळी घरापासून लांब ठेवणाऱ्या रिवाजाचा. हे त्याचं स्वतःचं मत होतं की शिकवलेलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी यजमान आल्यावर दोघांना जेवायला बोलावलं. पोळी आणि बटाट्याची भाजी. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आमच्याकडचे बटाटे यापेक्षा मोठे असतात." आयडाहोचे बटाटे अमेरिकेत प्रसिद्ध आहेत, हे मला तेव्हा कळलं. जोडीदारानं त्या संध्याकाळी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोन्ही सायकली नेहमीप्रमाणे बाहेर पडल्या.

काही आठवड्यांनी त्याची दुसऱ्या गावी बदली झाली. दोन बॅगा घेऊन दाराशी निरोप घ्यायला आला. पुन्हा भेट नाही.

पुढं त्यांचे नियम बदलले. २०१२ मध्ये मुलांचं मिशनवर जायचं किमान वय १९ वरून १८ झालं. २०१९ पासून घरी दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. ते वाचलं तेव्हा, पिशवी धरून उभा राहिलेला तो मुलगा डोळ्यांसमोर आला.

दुसऱ्याला आपल्या धर्मात आणायला दारोदार जावं, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. त्यानं माझा चहा नाकारला, मी त्याचं पुस्तक नाकारलं. तरी शेजार टिकला. हल्ली पुण्यात दुपारी बेल वाजते. दारात कुणी साबण विकणारा, कुणी वर्गणी मागणारा मुलगा असतो. नको असेल तर मी नकोच म्हणते. पण आधी पाणी हवं का, ते विचारते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)