ठाकूरद्वारची नोंद आणि संगणकातील कप्पे



देशात पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक. सहा अंक वाचले की पत्राची वाट ठरते. संगणकातील 'की-व्हॅल्यू' डेटाबेसचे तत्त्वही असेच आहे : किल्ली सांगावी आणि नोंद हाती यावी. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन तंत्रज्ञाने २००९ मध्ये जगापुढे आणलेला रेडिस हा या प्रकारातील प्रसिद्ध डेटाबेस होय.

रेडिसमध्ये एका किल्लीखाली अनेक कप्पे असलेल्या नोंदीस 'हॅश' म्हणतात. समजा, ठाकूरद्वार टपाल कार्यालयाची नोंद करावयाची आहे. 'एचसेट' या आज्ञेने विभाग, वेळ, शिल्लक पार्सले असे कप्पे भरता येतात. 'एचगेट' एकच कप्पा वाचते, तर 'एचगेटऑल' संपूर्ण नोंद देते. वेळ बदलली तर तेवढाच कप्पा बदलावा. सारी नोंद पुन्हा लिहिण्याचे कारण नाही.

मात्र किल्ली निवडताना दक्षता हवी. ४००००२ हा क्रमांक ठाकूरद्वारचा तसाच काळबादेवीचाही आहे. केवळ पिनकोड हीच किल्ली ठेवली, तर एका कार्यालयाची माहिती दुसऱ्याच्या माहितीवर लिहिली जाईल आणि संगणक तक्रारही करणार नाही. म्हणून किल्लीत कार्यालयाचे नावही घालावे. कप्पा आधीपासून अस्तित्वात नसेल तरच लिहिण्यासाठी 'एचसेटएनएक्स' ही आज्ञा आहे.

दुसरा धोका मोजणीचा. दोन खिडक्यांवरील कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी १२ हा आकडा वाचला आणि प्रत्येकाने एक वजा करून ११ लिहिले, तर एका पार्सलाचा हिशेब हरवतो. 'एचइन्क्रबाय' ही आज्ञा वाचणे, बेरीज-वजाबाकी आणि लिहिणे एका दमात करते. मध्ये दुसरी आज्ञा शिरत नाही. उणे एक सांगितले की वजाबाकी होते आणि शेवटी आकडा १० असा बरोबर राहतो.

'एचडेल' कप्पा काढून टाकते. शेवटचा कप्पा गेला की किल्लीही नाहीशी होते. शिवाय रेडिस माहिती मुख्यतः स्मृतीत ठेवतो. ती डिस्कवर उतरवण्याची व्यवस्था केली नसेल, तर वीज जाताच नोंदी जातात.

शिधापत्रिका असो, शाळेचा पट असो वा ग्रामपंचायतीची कर-नोंद, चुकलेल्या कप्प्यामागे हक्क हुकलेला एक माणूस असतो. म्हणून किल्ली कोणती असावी आणि कप्पा पुसण्याचा अधिकार कोणाला असावा, हे प्रथम कागदावर ठरवावे. आज्ञा त्यानंतर द्याव्यात.