परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी आणि अनुभवाचा दाखला
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आमच्या मंडळाकडे अलीकडे एकच विनंती वारंवार येते. मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली असते. इथे शाळेत जागा निघत नाही. निघालीच तर तिचा 'भाव' ऐकून बाप खाली मान घालतो. मग कोणीतरी थायलंडचे नाव काढते. तिथे इंग्रजी शिकवणारे हवे असतात, पण शाळा अनुभव विचारते. म्हणून मंडळाने 'विहाराच्या वर्गात दोन वर्षे शिकवले' असा दाखला द्यावा, अशी गळ घालतात. आम्ही तो दिला नाही. काहींना राग आला, म्हणून हे चार शब्द.

पंचशीलातले चौथे शील आपण विहारात म्हणतो, हे कारण आहेच. पण खोट्याची गरजही नाही. थायलंडमध्ये मुख्यतः पदवी पाहतात. आपल्यासारख्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात; टोइकचे 600 बहुतेक ठिकाणी चालतात. पोलिसांचा दाखला लागतो. बी.एड. नसेल तर शाळा तिथल्या शिक्षक परिषदेकडून तात्पुरता परवाना मागू शकते. त्यांचे शालेय वर्ष मेच्या मध्याला आणि दुसरे सत्र नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. अर्ज त्याआधी महिना-दोन महिने करावेत.

सगळे दरवाजे उघडे आहेत असे मात्र नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. थायलंडमध्येही पासपोर्ट आणि रंग पाहून नाकारणाऱ्या शाळा भेटतील. जात विचारून घर नाकारलेले आपण. हे ओळखायला आपल्याला वेळ लागणार नाही.

पर्यटक व्हिसावर 'आधी या, कागद मग करू' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ते काम बेकायदा ठरते. थायलंडच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेल्याचे प्रकार घडले आणि सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. एजंट 1983 च्या कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते आधी विचारा. पैशाची गोष्ट त्यानंतर.

आता अनुभवाचे. केंब्रिजचा सेल्टा हा अभ्यासक्रम सुमारे 120 तासांचा, त्यात 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते. तो महाग आहे. पण खऱ्या मुलांसमोर उभे राहणे आपल्या विहारातही होते. आमच्या एका एम.ए. झालेल्या ताईंनी पहिल्या दिवशी सातवीच्या मुलांना तासभर मराठीतून काळ समजावले. मुले गप्प. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पिशवीतून कांदे-बटाटे काढले आणि पोरांना इंग्रजीतून बाजार मांडायला लावला. भावावरून भांडणे झाली, तीही मोडक्या इंग्रजीत! ताई बाजूला बसून फक्त ऐकत होत्या. परदेशातल्या वर्गात मराठीचा आधार नसतो. तिथे हेच कामी येते.

असे शिकवणाऱ्याला दाखला मिळेल. त्यात तारखा, तास, कितवीची मुले, सगळे खरे लिहू. चाळीस तास झाले असतील तर चाळीसच.

वर्ग मंगळवार ते शुक्रवार, संध्याकाळी 7 ते 8.30. हजेरीपट वाचनालयाच्या कपाटात असतो. तास संपताच सही करावी. मागाहून केलेली धरली जाणार नाही.

जयभीम.