वृद्धनिवासाची रात्र
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



धाराशिव येथील आपल्या ज्ञातीच्या जुन्या विद्यार्थी-वसतिगृहात वृद्धनिवास सुरू करावा, असा ठराव आज सभेपुढे आहे. ज्या ओसरीवर बसून आपल्या दोन पिढ्यांनी अभ्यास केला, तेथेच उतारवयात विसावा मिळावा, ही कल्पना कोणासही हृद्य वाटेल. आम्हांसही ती वाटते. तथापि ठरावास संमती देण्यापूर्वी काही गोष्टी आपणांपुढे स्पष्टपणे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अशा निवासाची गरज आहे, याविषयी वाद नाही. भूम, परांडा, कळंब, उमरगा या तालुक्यांतील आपल्या घरांतून मुले पुण्या-मुंबईस आणि त्याहून दूर गेली. ती कृतघ्न आहेत असे नव्हे. पोट त्यांना नेते. मागे राहिलेली वडीलधारी माणसे मात्र संध्याकाळी दाराला कडी लावून एकटीच बसतात. तेव्हा वृद्धनिवास म्हणजे कुळाला बट्टा, ही समजूत आता सोडली पाहिजे. शासनानेही ही गरज ओळखली आहे. ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान एक, किमान दीडशे जणांची सोय असलेला निवास उभारण्याची तरतूद आहे. प्रश्न निवास काढावा की न काढावा हा नसून, तो कसा असावा हा आहे.

येथे आम्हांस घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या आत्याने आम्हांस लहानाचे मोठे केले. तिच्या अखेरच्या वर्षांत आमच्या घरातील आजारपणामुळे तिला परजिल्ह्यातील एका निवासात ठेवण्याची वेळ आमच्यावर आली. ठेवण्यापूर्वी आम्ही तेथील स्वयंपाकघर पाहिले, पाणी चाखले, भजनाची वेळ विचारली. रात्री कोण जागे असते, हे मात्र विचारले नाही. थंडीच्या दिवसांत एका रात्री ती लघवीस उठली. दिवा गेलेला, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत, भिंतीला धरावयास काही नाही. ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. पहाटे बंब पेटविणारी बाई आली, तोवर ती तेथेच ओल्या फरशीवर होती. पुढे दोन महिन्यांनी ती गेली. त्या संस्थेस दोष देणे सोपे होते आणि काही दिवस तो आम्ही दिलाही. परंतु तेथील माणसे दुष्ट नव्हती. चाळीस वृद्धांमागे रात्री एकच माणूस, तोही फाटकापाशी, अशी ती व्यवस्था होती. आणि ती आम्हांस पहिल्याच दिवशी दिसावयास हवी होती.

पडणे ही किरकोळ बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरसाल सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. त्यावरचे पुष्कळसे उपाय साधे आहेत. खरखरीत फरशी, शौचालयात व न्हाणीघरात घट्ट बसविलेला आधाराचा दांडा, खाटेपासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारा दिवा, वीज गेल्यास पर्यायी उजेड, उशाशी घंटा आणि ती ऐकणारे जागे माणूस. यांपैकी शेवटचे नसेल, तर बाकीच्यांचा उपयोग निम्माच.

दुसरी गोष्ट इमारतीची. आपले वसतिगृह दगडमातीच्या रुंद भिंतींचे आणि माळवदाचे आहे. उन्हाळ्यात ते थंड राहते, हे खरे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यात कोण विसरेल? गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर जिल्ह्यात आणि आपल्या लोहारा-उमरगा भागात जे हजारो जीव गेले, ते बहुतांशी अशाच भिंतींखाली आणि अशाच माळवदाच्या मातीखाली, झोपेत गेले. तरण्याताठ्यांना जेथे बाहेर पडता आले नाही, तेथे काठी शोधणाऱ्या म्हाताऱ्याचे काय होईल? यास्तव स्थापत्य अभियंत्याकडून इमारतीची तपासणी होऊन तिची मजबुती होईपर्यंत तेथे एकही खाट पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट आगीची. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील एका वृद्ध-शुश्रूषागृहास आग लागून दोन वृद्ध स्त्रिया मृत्यू पावल्या. कॅनडातील क्यूबेक प्रांतात लिल-व्हर्ट नावाच्या लहानशा गावी जानेवारी २०१४ मध्ये अशाच निवासास मध्यरात्रीनंतर आग लागली आणि ३२ जण गेले. त्या इमारतीच्या जुन्या भागात आग विझविणारे पाण्याचे फवारे नव्हते, नव्या भागात होते. जुना भाग जळाला, नवा उभा राहिला. आपल्या राज्यात २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमान्वये अग्निशमनाची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावयाचा असतो. परंतु दाखला भिंतीला टांगून आग विझत नाही. अंथरुणास खिळलेल्या माणसास कोण व कोणत्या दाराने बाहेर काढील, याची तालीम झाली पाहिजे. आणि ते दार रात्री कुलूपबंद नसले पाहिजे.

आत्याचे पडणे, किल्लारीचा भूकंप, या दोन्ही आगी. सर्व संकटे रात्री वा पहाटे आली, हे आपल्या ध्यानात आले असेल. देणगीदार दिवसा येतात, पाहुणे दिवसा येतात, उद्घाटनही दिवसाच होते. निवासाची खरी परीक्षा मात्र रात्री दोन वाजता होते.

आता जागेचा हिशेब. २००७ च्या अधिनियमानंतर केंद्राने जी आदर्श नियमावली केली, तीत शयनगृहात दर माणशी किमान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट जागा सांगितली आहे. स्त्रीपुरुषांची वेगळी सोय, पुरेसे पाणी, अपंगांस वापरता येतील अशी शौचालये, उतरता मार्ग व कठडे, आजाऱ्यांची खोली आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाशी आधीच ठरविलेली व्यवस्था, हेही तीत आहे. ज्या दालनात आपण वीस खाटा टाकण्याचे योजिले आहे, ते ९०० चौरस फुटांचे आहे. तेथे अकराच खाटा बसतात. जोते तीन फूट उंच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हा उतार धरला, तर तो मार्ग छत्तीस फूट लांब होईल. म्हणजे प्रवेशद्वाराची ती कमान हलवावी लागेल आणि तिच्यावरील देणगीदारांच्या नावांची शिळाही. ज्यांची नावे तीवर आहेत, त्यांत आमचे वडीलही आहेत. त्यांना याचे दुःख होणार नाही, अशी आमची खात्री आहे.

इमारतीइतकेच महत्त्व रोजच्या टिपणास आहे. कोणी कोणते औषध केव्हा दिले, याची सहीनिशी नोंद हवी. जो अंथरुणावरून हलू शकत नाही, त्याची कूस सामान्यतः दर दोन तासांनी बदलली पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री हे काम थांबत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येकाचे वजन घ्यावे. वजन उतरले, तर जेवणात, दातांत किंवा मनात काहीतरी बिघडले आहे, असे समजावे. आपल्या टंचाईच्या जिल्ह्यात टँकर उशिरा आला, म्हणून म्हाताऱ्यांनी पाणी कमी प्यावे, असे कधीही घडू नये.

बाहेरचे कोणी येऊन हे सर्व तपासील, या भरवशावर राहू नये. अशा सर्व निवासांची नोंदणी व किमान दर्जा ठरविणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली. तेव्हा नातलगांनी, आणि ज्यांस नातलग नाहीत त्यांच्यासाठी ज्ञातीने, स्वतः पाहिले पाहिजे. ज्याला भेटावयास कोणी येत नाही, त्याची चादर कशी आहे, यावरून निवासाची पारख करावी.

म्हणून मूळ ठरावास आम्ही उपसूचना मांडतो. इमारतीची तपासणी व मजबुती आधी व्हावी. आरंभी अकराच जणांस घ्यावे. रात्री दोन सेविका जाग्या असाव्यात आणि त्यांच्या वेतनाची दोन वर्षांची तरतूद हाती आल्यावाचून उद्घाटनाची तारीख ठरवू नये. निवासातील वृद्धांपैकी दोघांना व्यवस्थापक समितीवर घ्यावे. आणि प्रत्येक महिन्यात सभासदांपैकी दोन कुटुंबांनी, आगाऊ न कळविता, एकदा दिवसा व एकदा रात्री तेथे जाऊन पाहून नोंदवहीत लिहावे.

यामुळे काम वर्षभर लांबेल, अशी हरकत कोणी घेईल. लांबू द्यावे. घाईने उघडलेल्या दाराची किंमत आमच्या आत्याने दिली आहे. चिटणीस महाशयांनी रात्रीच्या पाळीची यादी आजच करावी आणि पहिल्या महिन्यात आमचे नाव लिहून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.