पालकांचीही शाळा
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो, तेव्हा साचा चालवायला जुन्या कामगारानं शिकवलं. पोर वाढवायला मात्र कुणी शिकवत नाही. ते आपोआप येतं, असं आपण धरून चालतो.

अमेरिकेत जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं घरोघरचं वागणं बारकाईनं पाहिलं. पोर बिस्किटासाठी लोळण घेतं. आई नाही म्हणते, पोर आणखी ओरडतं, शेवटी आई पुडा देते. पोर शिकलं, ओरडलं की मिळतं. उद्या आई रट्टा देते, पोर गप्प होतं. आई शिकली, मारलं की भागतं. मग दोघांचाही आवाज रोज चढत जातो. दोष आईच्या मायेत नाही, पोराच्या रक्तातही नाही. दोष या फेऱ्यात आहे, आणि फेरा तोडता येतो.

त्यासाठी सिएटलच्या कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी पालकांचे वर्ग तयार केले. वेल्समधल्या गरीब वस्त्यांत ते तपासून पाहिले. तीन-चार वर्षांच्या, वागणं हाताबाहेर जाईल अशी भीती असलेल्या मुलांचे 153 पालक घेतले. काहींना लगेच वर्ग, बाकीच्यांना नंतर. वर्ग 12 आठवड्यांचा. 2007 साली निकाल छापून आला. वर्गाला बसलेल्यांच्या मुलांचा आडदांडपणा कमी झाला, पालकांची उदासीही उतरली.

तिथे कुणी उपदेश करत नाही. पालक एकत्र बसतात, व्हिडिओ पाहतात, बोलतात, करून पाहतात. सुरुवात खेळापासून. रोज दहा मिनिटं पोराच्या मर्जीनं खेळायचं, हुकूम सोडायचा नाही. मग शाबासकी, तीही नेमकी : "चपला जागेवर ठेवल्यास, छान केलंस." शिस्त नंतर. नियम थोडे, पण रोज तेच. बारीक कुरबुरीकडे कानाडोळा. मारहाण नाही.

कुणी म्हणेल, दहा बाय दहाच्या खोलीत, पाळी करून आल्यावर हे कसं जमायचं? बरोबर आहे. वर्गानं घरभाडं उतरत नाही, दारू सुटत नाही. पोर फारच कोमेजलं तर डॉक्टरांकडेच न्यावं लागतं. पण दहा मिनिटांच्या खेळाला पैसा लागत नाही.

म्हणून आमची विनंती आहे. रविवारी सकाळी पालकांनी इथं विहारात बसावं. अंगणवाडीच्या ताईंना बोलवू. आणि बायका आत, बाप बाहेर बिडी ओढत, असं चालणार नाही. पोर दोघांचं आहे, शिकायचंही दोघांनी.

जयभीम!