मीटर कोणाच्या नावावर?



आज विजेच्या मीटरबद्दल बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचे? बटण दाबले की दिवा लागतो. खरे आहे. पण बटण आपल्या भिंतीवर आणि मुख्य खटका घरमालकाच्या ओट्यावर असला, म्हणजे बोलण्यासारखे पुष्कळ असते.

पिशोरहून वाळूजला कामाला गेलेली माणसे तुमच्याही घरात असतील. मीही त्यांतलाच. लग्न झाल्यावर आम्ही तिथे एक खोली भाड्याने घेतली. एका रांगेत चार खोल्या, आणि मीटर एकच. तो मालकाच्या नावावर. थंडीच्या दिवसांत मी रातपाळी करून पहाटे यायचो. बायको बादलीत हीटर सोडायची. तेवढ्यात मालक खटका खाली ओढायचा. "हीटर चालायचा नाही," म्हणायचा. महिना संपला की बिल चौघांत सारखे वाटायचा. बिलाचा कागद आम्ही कधी पाहिला नाही. आणि पाहून तरी काय करणार होतो? मला तेव्हा आकडे धड वाचता येत नव्हते.

मालकाचे सगळेच चुकीचे होते असेही नाही. हीटर वीज फार खातो. 1000 वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. 1500 वॅटचा हीटर अर्धा तास चालला, की पाऊण युनिट गेले. तेवढ्याच विजेवर 9 वॅटचा दिवा 83 तास जळतो! म्हणजे आमच्या हीटरचे पैसे शेजारची म्हातारी भरत होती. तिच्याकडे एकच दिवा होता. सारखी वाटणी आणि न्यायाची वाटणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का.

आता एक गंमत पाहा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांना दर कमी असतो. 101 पासून 300 पर्यंत दर चढतो. पुढे आणखी चढतो. समजा, चार घरांनी प्रत्येकी 75 युनिटे जाळली. चार मीटर असते, तर सगळी 300 युनिटे स्वस्त दराची. मीटर एकच असला, तर 100 स्वस्त आणि 200 महाग. वीज तेवढीच, पैसे मात्र जास्त. अर्थात वेगळा मीटर घेतला की दरमहा स्थिर आकारही वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशेब करा, मगच ठरवा.

वेगळा मीटर भाडेकरूला मिळतो का? मिळतो. 2003 च्या वीज कायद्यात 43 वे कलम आहे. जागेचा मालक किंवा त्या जागेत राहणारा, कोणीही अर्ज करू शकतो. "राहणारा" हा शब्द नीट ध्यानात ठेवा. मालक संमती देत नाही, एवढ्यावरून वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितले. अर्जदार त्या जागेत खरोखर राहतो की नाही, एवढेच पाहायचे. म्हणून भाड्याची पावती हवी, करारपत्र हवे. भाडे देऊन नुसते "बरं, येतो" म्हणून घरी येऊ नका.

मालक का अडतात, तेही सांगतो. त्यांना भीती वाटते, की मीटर भाडेकरूच्या नावावर झाला की खोलीही त्याची होईल. तसे होत नाही. हे त्यांना गोडीने समजावावे. माझ्या मालकाला ते पटायला दोन हिवाळे लागले!

राग आला म्हणून वीज तोडणे, हेही चालत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे 29 वे कलम सांगते, की मालकाने योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज किंवा पाणी बंद करू नये. केले, तर भाडेकरू न्यायालयात दाद मागू शकतो. मात्र हा कायदा सगळ्या गावांना सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टात ज्या गावांची नावे आहेत, तिथेच तो चालतो. तेव्हा आधी वकिलाला विचारा. वीज कायदा मात्र पिशोरलाही आहे, वाळूजलाही आहे. बिल थकले, तरी वीज कंपनीने तोडण्याआधी पुरत्या 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती जाते मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. भाडेकरूला कळते, ते अंधार झाल्यावर! म्हणून मालकाकडे दर महिन्याला बिल पाहायला मागा. त्यात लाजायचे काय? विजेची तक्रार 1912 या क्रमांकावर सांगता येते.

आणि चिडून तारेवर आकडा टाकू नका. तो गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळही.

आम्ही शेवटी काय केले? वेगळे मीटर मिळेपर्यंत चौघांनी वर्गणी काढून प्रत्येक खोलीला पोटमीटर बसवला. दर महिन्याच्या 1 तारखेला चारही आकडे एका वहीत लिहायचे, मालकाची सही घ्यायची. वही म्हातारीकडे असे. ती मालकाला सही केल्याशिवाय जाऊ देत नसे.

आता पाट्या घ्या. मागच्या महिन्याचा आकडा लिहा, 4318. या महिन्याचा लिहा, 4396. वजाबाकी करा. किती युनिटे झाली, ते मागच्या बाकावरच्या मावशींनी आधी सांगायचे.